हवा भरू दे

सकाळचे साडेसहा वाजलेत. चाकणच्या पलीकडे, कारखान्यांच्या कुंपणांना लागून असलेल्या या मैदानावर जानेवारीचं धुकं अजून बसलेलंच आहे. कोपऱ्यात टाटाचा जुना सोळा-तेरा उभा आहे, पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल'. भोवती सात जण, कुणी कानटोपीत, कुणी मफलर गुंडाळून. शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आहेत, पण इकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना मेजरच म्हणतात. मेजर कुणाला नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात.

"बीड, बॉनेट उघड. धुळे, ऑइल बघ. जुन्नर, तुम्ही टॉमी घ्या."

जुन्नर म्हणजे तिशीतल्या एक ताई. शिकणाऱ्यांत बाई एकट्या त्याच, म्हणून त्यांना तेवढं 'अहो'.

ताई लोखंडी टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोका मारत निघतात. भरलेल्या टायरवर टॉमी टणकन उसळते, हाताला झटका देते. मागच्या डाव्या जोडीतल्या आतल्या टायरवर ठोका पडतो आणि आवाज येतो तो नुसता 'धप'. बाहेरून काहीच कळत नाही. शेजारचा टायर त्याचाही भार उचलून उभा आहे. मेजर सगळ्यांना तिथं बोलावतात, प्रत्येकाला दोन्ही टायरवर ठोका मारून आवाज ऐकायला लावतात. मग त्याच जोडीच्या फटीत बोट दाखवतात. मुठीएवढा दगड अडकलाय. धुळ्याचा पोरगा आडवा पडून टॉमीनं तो उचकटतो. चांगली पाच मिनिटं जातात, कपाळावर घाम येतो, आणि दगड एकदम सुटून मातीत पडतो. "हा ऐंशीच्या वेगात सुटला असता तर मागच्याच्या काचेत गेला असता," मेजर म्हणतात. पोरगा दगड हातात घेऊन थोडा वेळ तसाच बसून राहतो.

माझे वडील ट्रकवरच होते, मुंबई-बंगळूर लाइनला. त्यांना कुणी असं शिकवलं नाही. किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढले, काचा पुसल्या, उस्तादाचा डबा धुतला, आणि दोन वर्षांनी एका रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्तादाला झोप आली म्हणून स्टिअरिंग हातात आलं. आमच्याकडचे कितीतरी ड्रायव्हर असेच घडले. म्हणून मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. आज माझा आठवा दिवस आहे.

इंजिन सुरू होतं. ट्रक मात्र हलत नाही. केबिनमध्ये बझर वाजतोय आणि डॅशबोर्डवरचा हवेचा काटा तळाशी आहे. गिअर टाकायला शिवशिवणाऱ्या हातांना मेजरचं एकच वाक्य: "हवा भरू दे." या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन कॉम्प्रेसर फिरवतं, कॉम्प्रेसर टाक्या भरतो, आणि टाकीत दाब नसेल तर मागच्या चाकांचे ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर आवळलेलेच राहतात. काटा हळूहळू चढतो. बझर बंद पडतो. तरीही मेजर थांबतात. काटा आठाजवळ पोचून 'फुस्स' असा आवाज आला की मगच मान हलवतात.

पहिला नंबर बीडचा. हा पोरगा ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालवतो. शाळा सातवीत सुटली. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, नाहीतर याला अवजड वाहनाच्या परवान्याचा अर्जच करता आला नसता. बाकीच्या अटी आहेत तशाच: वय 20 पूर्ण, हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना, डॉक्टरचा दाखला, आणि शाळेचं फॉर्म पाचचं प्रमाणपत्र. नियमानं प्रशिक्षण 30 दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर 15 तास. म्हणजे रोज अर्धा तास. उरलेला वेळ मागच्या फळीवर बसून दुसऱ्याच्या चुका बघण्यात जातो, आणि इथं येणाऱ्यानं तेवढी तयारी ठेवूनच यावं. ज्यांना ते जमतं, त्यांचा हात लवकर बसतो, एवढं मी आठ दिवसांत पाहिलंय.

बीडचा गिअर कुरकुरतो. "डबल क्लच!" मेजर ओरडतात. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक हलका दाब, परत क्लच, मग खालचा गिअर. पोरगा पुटपुटत करतो आणि चौथ्या खेपेला गिअर लोण्यासारखा बसतो. वळणावर मात्र मागचं चाक आत ओढलं जातं आणि कोपऱ्यातला पत्र्याचा डबा चपटा होतो. पुढचं चाक तर व्यवस्थित गेलं होतं. मेजर त्याला उतरवतात, चपटा डबा हातात देतात आणि म्हणतात, "हा मोटारसायकलवाला होता." फळीवरचे सगळे गप्प होतात.

नऊ वाजता, ऊन वर आल्यावर, मला या सगळ्यात मोलाचा वाटलेला धडा होतो. त्यात ट्रक जागचा हलतसुद्धा नाही. इंजिन बंद, चावी मेजरच्या खिशात. ताईंना ड्रायव्हरच्या जागी बसवून ते विचारतात, "आरशात बघा. कोण दिसतंय?"

"कुणीच नाही."

"नीट बघा."

त्या पुढे वाकतात, दोन्ही आरसे पुन्हा बघतात. "खरंच कुणी नाही, मेजर."

"उतरा खाली."

उतरून बघतात तर दोघे बंपरला पाठ टेकून उकिडवे बसलेत, तिघे क्लीनरच्या दाराखाली पुढच्या डाव्या चाकाला चिकटून उभे आहेत आणि एक जण मागच्या फाळक्याला टेकलाय. सहाच्या सहा जण हाताच्या अंतरावर. ताईंचा हात तोंडावर जातो. त्या नारायणगावच्या बाजारात पिकअपनं टोमॅटो पोचवतात, इतकी वर्षं. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी साध्या परवान्यावर चालते, त्यापुढच्या गाडीसाठी इथं आल्यात. प्रत्येक जण एकदा वर बसतो, एकदा खाली लपतो. मीही बसले. समोर नुसतं मैदान दिसलं. त्या मैदानात सात माणसं होती.

मग पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यावरचा तास. तो मी भराभर सांगते, कारण खुणा आणि चिन्हं कुठल्याही पुस्तकात मिळतात. लक्षात राहतो तो एक आकडा: दोन आसांच्या ट्रकचं भरलेलं वजन पूर्वी 16.2 टन चालायचं, 2018 पासून 18.5 टन चालतं. "दोन टनांहून जास्त वाढलं," मेजर म्हणतात, "म्हणून थांबायचा विचार आता आधी करायचा."

अकराच्या सुमाराला मैदानाच्या टोकाला मातीच्या चढावर ट्रक नेतात. केबिन तापलीय, इंजिनाची धग पायांशी येतेय. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. ती फार उशिरा झाली असं मला या धगीत बसून वाटतं. मेजर चाकामागे दगड लावतात, इंजिन बंद करतात आणि बीडला म्हणतात, "आता ब्रेक दाब. सोड. दाब. सोड. काट्यावर नजर ठेव."

प्रत्येक दाबाला हवा सुटते आणि काटा एकेक पायरी उतरतो. सहा. पाच. चावी फक्त चालू ठेवलीय, म्हणून बझर कर्कश वाजू लागतो. पेडल ढिलं पडतं. "आता स्टिअरिंग फिरव." पोरगा दोन्ही हातांनी जोर लावतो, पॉवर गेलेली आहे, स्टिअरिंग जेमतेम हलतं.

"उतारावर इंजिन बंद केलंस तर तुझ्या हातात एवढंच उरतं."

कुणी नाव घेत नाही, पण सगळ्यांना नवले पूल आठवतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा तो उतार. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना ठोकरलं, आणि चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं.

बीडचा पोरगा खाली मान घालून बोलतो. "मेजर, मालक डिझेल मापून देतो. फेरीला इतकं म्हणजे इतकंच. जास्त लागलं तर पगारातून कापतो. मग माणूस न्यूट्रल मारणारच ना."

मेजर त्याला रागवत नाहीत. फळ्याचा खडू अजून खिशात आहे, त्यानं ते दरवाजाच्या पत्र्यावरच लिहितात. नव्या गाडीत, गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं. चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडी आपोआप धरून राहते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक पकडेनासे होतात. "ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. मालकाला हे सांग."

"मी सांगितलं तर ऐकेल का?"

मेजर लगेच उत्तर देत नाहीत. मलाही देता येत नाही. अपघात झाला की परवाना ड्रायव्हरचा जातो, तुरुंगात ड्रायव्हर जातो, आणि डिझेलचं माप ठरवणारा गादीवर बसून दुसरा ड्रायव्हर शोधतो. या मैदानावर मालकांचाही एक तास व्हायला हवा, अगदी याच चढावर, याच सीटवर बसवून.

"सांगायचं तरी," मेजर अखेरीस म्हणतात. "आणि नाही ऐकलं तर गाडी सोडायची. हात असलेल्या माणसाला गाडी मिळते."

साडेबारा वाजतात. ट्रक परत कोपऱ्यात उभा राहतो. शेवटचं काम टाक्यांचं: दिवसभराच्या हवेत पाणी साठतं, ते काढलं नाही तर व्हॉल्व्ह गंजतात. आज पाळी बीडची. तो चॅसीखाली सरकतो तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजतो. स्क्रीनवर 'मालक'. कारखाना चालू आहे, ट्रॅक्टर उभा आहे, कधी येतोस. एवढं पलीकडचं बोलणं मला इथपर्यंत ऐकू येतं.

"अजून बावीस दिवस, मालक," तो म्हणतो. पलीकडचा आवाज चढतो. "हो. बावीस. पूर्ण करूनच येणार."

मोबाइल खिशात घालून तो टाकीखालची कडी ओढतो. गढूळ पाण्याची चिळकांडी मातीवर उडते, तिच्यामागून हवा सुटते, आणि वर केबिनमध्ये ताई मोठ्यानं काटा वाचू लागतात: "सहा... पाच... चार..."