टॉवर स्पीकर : अभिप्राय मालकाचा, आवाज खोलीचा

हेब्बाळ (म्हैसूर) : लाखो रुपये मोजून घेतलेल्या टॉवर स्पीकरच्या जोडीविषयी एक मालक समाधानाने सांगतो की, गायक जणू समोर बसून गात आहे. तीच जोडी घेतलेला दुसरा मालक मात्र खर्ज घुमतो आणि अर्ध्या तासात डोके जड होते अशी तक्रार करतो. दोघेही खरे बोलत असतात. दोन्ही घरांत स्पीकर एकच असला तरी ऐकू येणारा आवाज एक नसतो, आणि इतरांचे अभिप्राय विचारून खरेदी करणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट महागात पडते.

म्हैसूरच्या वायव्येकडील हेब्बाळ ही (बेंगळुरूच्या विमानतळ रस्त्यावरील हेब्बाळशी तिचा संबंध नाही) कारखाने, इन्फोसिसचे विस्तीर्ण संकुल आणि त्यांच्या आसपास वाढलेल्या निवासी वसाहतींची वस्ती आहे. कर्नाटकातील शहरांत ‘तीस बाय चाळीस’ फुटांचा भूखंड हे मध्यमवर्गीय घराचे परिचित माप आहे. अशा घरात संगीतासाठी राखलेली वेगळी खोली क्वचितच असते. स्पीकर दिवाणखान्यातच येतो, आणि दिवाणखान्याला सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी, काचेची खिडकी आणि मागच्या भिंतीला टेकवलेला सोफा असतो. विक्रेत्याच्या दालनात गालिचे, जाड पडदे आणि भिंतींवर ध्वनिशोषक फलक असतात. दालनात ऐकलेला आवाज घरी का येत नाही, याचे निम्मे उत्तर या फरकात आहे.

उरलेले निम्मे उत्तर हिशेबाने मिळते. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच असा दिवाणखाना घेऊ. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरी नेमक्या बसतात, त्या कंपनसंख्या खोली आपल्या पदरच्या बळाने वाढवते. सोळा फुटांच्या लांबीत अशी पहिली कंपनसंख्या सुमारे ३५ हर्ट्झ आणि दुसरी सुमारे ७० हर्ट्झ येते. आता काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा तानपुरा पाहू. त्याची जोड सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार तिच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला लागते. खोलीची दुसरी कंपनसंख्या आणि तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ एकाच ठिकाणी येतात.

या लहरीचा दाब खोलीत सगळीकडे सारखा नसतो. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि खोलीच्या मधोमध तो सर्वाधिक असतो, तर दोन्ही भिंतींपासून चार-चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसणाऱ्याला खर्ज घुमताना ऐकू येतो आणि सोफा चार फूट पुढे ओढला की तोच खर्ज हरवतो. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, तार, गाणे यांतले काहीही बदललेले नसते.

गुंतागुंत इथेच थांबत नाही. स्पीकरमधून निघणारा खालच्या पट्टीतील ध्वनी मागेही पसरतो आणि पाठीमागच्या भिंतीवरून परत येतो. स्पीकरचा दर्शनी भाग त्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर परतलेली लहर सुमारे १४० हर्ट्झला मूळ लहरीच्या विरुद्ध पडते आणि तेवढा भाग क्षीण करते. म्हणजे ज्या घरात खर्ज घुमतो, त्याच घरात जोडीच्या तारा आणि गायकाचा मध्य षड्ज दुबळा होऊ शकतो. ‘आवाजाला पाया आहे, पण गळ्यात भरीवपणा नाही’ असा अभिप्राय देणारा मालक कदाचित स्पीकरचे नव्हे, तर त्या दोन फुटांचे वर्णन करत असतो. अंतर तीन फूट केले की हा खड्डा ९४ हर्ट्झच्या आसपास सरकतो आणि षड्ज सुटतो. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज १९६ हर्ट्झला असल्याने तिच्या गाण्याला हीच खोली निराळी वागणूक देते. मालक कोणाचे गाणे ऐकतो, हेही म्हणून अभिप्रायाइतकेच महत्त्वाचे ठरते.

ध्वनिशास्त्राचे अभ्यासक याची ढोबळ सीमा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास मानतात. घरगुती खोलीत त्या सीमेखाली खोलीचे राज्य चालते आणि तिच्यावर स्पीकरच्या रचनेचे. टॉवर स्पीकरचे मोठे आकर्षण असते ते खालच्या सप्तकाचे. उंच पेटी, दोन-तीन वूफर आणि खोलवर जाणारा खर्ज यांसाठीच जास्तीचे पैसे मोजलेले असतात. म्हणजे ज्या गुणासाठी खर्च जास्त, त्याच गुणावर खोलीचा ताबाही जास्त. छोट्या खोलीत साधा शेल्फवरचा स्पीकर मोठ्या टॉवरपेक्षा सुखद वाटला, असे सांगणाऱ्या मालकाचे कान कच्चे आहेत असे समजण्याचे कारण नाही. लहान स्पीकर त्या खोलीच्या खोडीपर्यंत खाली उतरतच नाही, एवढेच.

मालकांच्या शब्दांनाही अर्थ असतो, तो उलगडावा लागतो. ‘उबदार’ म्हटले की बहुधा १०० ते ३०० हर्ट्झचा भाग थोडा चढा असतो. ‘तिखट’ किंवा ‘टोचणारा’ म्हटले की दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्याकडे पाहावे, कारण मानवी कान तिथे सर्वांत संवेदनशील असतो. गायिकेचा ‘स’ शिट्टीसारखा येत असेल तर दोष बहुधा पाच ते आठ हजारांच्या दरम्यान सापडतो आणि बरेचदा तो मूळ ध्वनिमुद्रणातलाच निघतो. ‘पडदा उठल्यासारखे वाटले’ हा सर्वांचा लाडका वाक्प्रयोग मात्र फारसे काही सांगत नाही. नवी जोडी थोड्या मोठ्या आवाजात लावली गेली असेल, तरी तसेच वाटते. दोन स्पीकरांपैकी एकाचा आवाज अगदी एखाद्या डेसिबलने चढा असला, तरी ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानातील तुलना म्हणून आवाजाची पातळी जुळवूनच व्हायला हवी.

याची उलट बाजू रात्री दिसते. घरातील माणसे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्याला तोच स्पीकर रोड वाटतो. पातळी उतरली की कानाची खालच्या सुरांविषयीची संवेदना अधिक वेगाने घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले आहे. भारतातील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तीस बाय चाळीसच्या भूखंडांवर घरे एकमेकांना जवळजवळ खेटून उभी असतात आणि खर्ज भिंतींना सहसा जुमानत नाही. शेजाऱ्यांचे अभिप्राय कोणी गोळा करत नाही, ही गोष्ट वेगळी.

‘शंभर तास वाजल्यावर स्पीकर खुलला’ हे विधान प्रत्येक मालकाकडून ऐकायला मिळते. नव्या वूफरची लवचीक कड सुरुवातीच्या वापरात किंचित सैल होते, हे खरे आहे. पण तो बदल लहान असतो आणि लवकर संपतो. त्यापुढच्या आठवड्यांत बदलतो तो मुख्यतः ऐकणारा. नव्या आवाजाची त्याला सवय होते, स्पीकर थोडा इकडे-तिकडे सरकवला जातो, सतरंजी येते, पडदे लागतात. बदल स्पीकरच्या नावावर जमा होतो.

डोळ्यांचा वाटा याहूनही मोठा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० श्रोत्यांना तेच चार स्पीकर एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा उघड्यावर ऐकवले. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा लहान, स्वस्त संच डोळ्यांसमोर येताच गुणांत घसरला आणि मोठ्या, देखण्या स्पीकरांची बाजू वधारली. खोलीत स्पीकरची जागा बदलल्याने पडणारा फरक पडद्याआड लोकांना स्पष्ट ऐकू आला होता. डोळ्यांसमोर स्पीकर आल्यावर तो फरक त्यांच्या गुणांत पुरता दबून गेला. ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये अडीचशेहून अधिक श्रोत्यांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष त्या मानाने दिलासादायक आहे. न पाहता ऐकवले, तर सराव नसलेल्या माणसांची आवडही तयार कानांच्या पसंतीक्रमाशी बरीचशी जुळते. सामान्य ऐकणाऱ्याला कळत नाही ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

स्पीकरांची तुलना करत बसण्याचा हा छंद म्हैसूरला नवा नाही. शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार (१९१९-१९७४) हे कर्नाटक संगीतातील रचनाकार होते आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचे जाणकारही. लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाचे संस्थापक आणि ध्वनिमुद्रण-निर्माते वॉल्टर लेग त्यांना भेटायला म्हैसूरला आले होते. महाराजांच्या एका राजवाड्यात ध्वनिमुद्रिकांचे अफाट ग्रंथालय, मोठमोठ्या स्पीकरांची मालिका आणि अनेक भव्य पियानो पाहिल्याची नोंद लेग यांनी पुढे करून ठेवली. संग्रहातील ध्वनिमुद्रिकांची संख्या सुमारे वीस हजार सांगितली जाते. रशियन संगीतकार निकोलाय मेटनर यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च महाराजांनी उचलला आणि त्यासाठी मेटनर सोसायटी उभी राहिली. मेटनर यांनी आपला तिसरा पियानो कन्चेर्टो महाराजांना अर्पण केला.

२२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड स्ट्राउस यांच्या अखेरच्या चार गीतांचा पहिला प्रयोग झाला. गायिका किर्स्टन फ्लागस्टाट होत्या आणि संचालन विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांचे होते. त्यासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी दिली होती. प्रयोगाचे ध्वनिमुद्रण आपल्या संग्रहासाठी म्हैसूरला पाठवले जावे, हा हेतू त्यामागे होता. ते ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे, पण त्याचा ध्वनी खरखरीत आणि धूसर आहे. जे तबकडीत उतरलेच नाही ते कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही. नव्या महागड्या जोडीवर अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेले गाणे लावणाऱ्याला पहिल्यांदा ऐकू येते ती सुईची खरखर. ‘जुनी गाणी आता ऐकवत नाहीत’ ही तक्रार म्हणूनच पुष्कळदा स्पीकरच्या स्पष्टपणाची पावती असते.

एकाच राजवाड्यात अनेक स्पीकर आलटून-पालटून ऐकण्याची महाराजांना जी सोय होती, ती साध्या गिऱ्हाईकाला नाही. कोचीत वास्तुविशारद जेकब जॉर्ज यांनी घडवलेले ‘रेथम’ स्पीकर असोत, पुण्याच्या ‘कॅडेन्स’चे स्थिरविद्युत पडद्याचे स्पीकर असोत किंवा परदेशी नाममुद्रा असोत, उच्च दर्जाचा स्पीकर खरेदीपूर्वी आपल्याच घरात ऐकायला मिळणे दुर्मीळच. मग दुसऱ्या मालकाचा शब्द हाच आधार उरतो. तो ऐकताना खोलीची लांबी-रुंदी, स्पीकर भिंतीपासून किती दूर आहे, बसण्याची जागा कुठे आहे, फरशीवर काय अंथरले आहे, कोणते संगीत किती मोठ्याने ऐकले जाते आणि सोबतचा अ‍ॅम्प्लिफायर कोणता, हे विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज देण्यासाठी दुप्पट शक्ती लागते. ज्याचा रोध आठ ओहम छापलेला असूनही काही सुरांवर तीनपर्यंत उतरतो, असा स्पीकर अशक्त अ‍ॅम्प्लिफायरला दमवतो.

मालकाचे वयही विचारण्यासारखे आहे, जरी तसे विचारणे अवघड असले. वाढत्या वयात वरच्या कंपनसंख्या आधी ऐकू येईनाशा होतात. पन्नाशी-साठीतील मालकाला जो ट्वीटर ‘सौम्य’ वाटतो, तोच त्याच्या विशीतल्या मुलीला बोचू शकतो. म्हैसूरमध्येच मानसगंगोत्री परिसरात अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आहे. कानांची तपासणी स्पीकरच्या तारांपेक्षाही स्वस्तात होते. नेहमीच्या श्रवण-आलेखात बहुधा आठ हजार हर्ट्झपर्यंतचीच मोजणी होते, पण संगीतातला बहुतेक ऐवज त्याच मर्यादेत असतो.

दहा-पंधरा वर्षे जुन्या जोडीचा मालक भेटला, तर त्याच्याकडून एक गोष्ट जरूर समजून घ्यावी. वूफरची कड रबराची आहे की फोमची? उष्ण, दमट हवेत फोमची कड कालांतराने कुजते, बोट लावले तर चुरा होते आणि खर्ज फाटू लागतो. रबराची कड त्याहून पुष्कळ टिकते. जुन्या जोडीचा सौदा करताना समोरची जाळी काढून ती कड डोळ्यांनी पाहावी आणि मगच गाणे लावायला सांगावे.