दारिद्र्य आणि मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा

दारिद्र्य ही केवळ उत्पन्नाची तूट नसून हक्कांची पायमल्लीही असू शकते, या भूमिकेला 1966 च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने कायद्याचा आधार दिला. त्याच्या अकराव्या अनुच्छेदात पुरेसे अन्न, वस्त्र व निवारा यांसह समाधानकारक राहणीमानाचा हक्क मान्य केलेला आहे. हे हक्क राज्याने उपलब्ध साधनसंपत्तीनुसार टप्प्याटप्प्याने प्रत्यक्षात आणायचे असले, तरी ही सवलत दिरंगाईची ढाल होऊ नये म्हणून कराराच्या देखरेख समितीने 1990 मध्ये ‘किमान गाभा’ ही संकल्पना, म्हणजे अत्यावश्यक अन्न, प्राथमिक आरोग्यसेवा, साधा निवारा व मूलभूत शिक्षण यांची तरी हमी देण्याचे बंधन, स्पष्ट केली.

या बंधनाचा कस दक्षिण आफ्रिकेतील ग्रूटबूम खटल्यात लागला. केप टाउनजवळच्या वॉलेसडीन वस्तीतील दैन्याला कंटाळून शेजारच्या खाजगी जमिनीवर झोपड्या उभारणाऱ्या कुटुंबांना 1999 च्या मे महिन्यात, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, हुसकावण्यात आले. झोपड्यांवर बुलडोझर फिरला, चीजवस्तूंची नासधूस झाली आणि ही माणसे क्रीडांगणावर प्लास्टिकच्या आडोशाला राहिली. घटना न्यायालयाने 2000 मध्ये किमान गाभा निश्चित करण्याचे टाळले, हे खेदजनकच. परंतु ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी तातडीची तरतूद नसलेले गृहनिर्माण धोरण घटनेच्या कसोटीस उतरत नाही, हा त्याचा निर्णय मोलाचा ठरला.

भारत या करारात 1979 मध्ये सामील झाला. मात्र व्यक्तीला थेट समितीकडे दाद मागू देणारा 2008 चा ऐच्छिक पूरक करार त्याने स्वीकारलेला नाही.