जेवणानंतरचा जिना

भरपेट जेवून घाटकोपर स्थानकाचा जिना चढताना एखाद्या तिशीतल्या माणसाला भोवळ आली, तर आजूबाजूचे लोक जागीच निदान करतात: ॲसिडिटी, ऊन, दगदग. छातीत दुखलं तर अँजिओग्राफी होते, रक्तवाहिन्या स्वच्छ निघतात आणि घर निर्धास्त होतं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी निसटते ती इथेच. तिच्यात दोष असतो तो हृदयाच्या स्नायूत.

या आनुवंशिक आजारात डाव्या जवनिकेची भिंत 15 मिलिमीटर किंवा त्याहून जाड होते. बऱ्याच रुग्णांत त्यामुळे रक्त बाहेर पडायची वाट अरुंद होते. पण दिवसभर सारखी नाही. हृदयात रक्त कमी भरलं की ती आणखी आवळते. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं, मे महिन्यात घामावाटे पाणी जातं. म्हणून सकाळी ठणठणीत असलेला माणूस दुपारी त्याच जिन्यावर कासावीस होतो.

हे ओळखायची एक जुनी तपासणी मला फार मोलाची वाटते. रुग्णाला उकिडवं बसवलं की हृदयातली जादा खरखर मंदावते, उभं केलं की वाढते. लागतो फक्त स्टेथोस्कोप. झोपवून केलेल्या इकोत मात्र अडथळा दिसेलच असं नाही. काहींत तो व्यायामानंतरच्या इकोत सापडतो. आणि शेजाऱ्याने आपुलकीने जिभेखाली ठेवायला दिलेली सॉर्बिट्रेट इथे घातक ठरू शकते: हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, अडथळा वाढतो.

अमेरिकेतल्या 1995 च्या पाहणीत तरुणांमध्ये 500 पैकी एकाला हा आजार दिसला. तोच दर धरला, तर 2011 च्या जनगणनेतल्या मुंबई उपनगर जिल्ह्याच्या 93 लाखांत अठरा हजारांवर माणसं होतात. शिवाय आपल्याकडे एक वेगळा धागा आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की सुमारे 4 टक्के भारतीयांच्या एका हृदय-जनुकात 25 अक्षरं गळालेली असतात आणि त्यांना स्नायूच्या आजाराचा धोका जास्त असतो. वाहकांपैकी अनेकांना मात्र त्रास होत नाही. नंतरच्या संशोधनानुसार सोबतचा दुसरा बदलही महत्त्वाचा असावा.

म्हणून दवाखान्यात ‘घरात कुणाला हार्ट अटॅक?’ एवढंच विचारून भागत नाही. गावाकडचा काका ऐन तिशीत गेला का, आजोळी कुणी खेळताना कोसळलं का, पट्टीचा पोहणारा अचानक बुडाला का, हे विचारायला हवं. निदान पक्कं झालं की भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि इको करायचा. मुलांचा तर पुन्हा पुन्हा, कारण भिंत पुष्कळदा वयात येताना जाड होऊ लागते.