सुरीसाठी कठीणतामापक घेताना

कतारमध्ये मराठी माणसाची कठीणतामापकाशी गाठ पडते ती बहुधा रास लफान किंवा मेसईदला. इथल्या नॉर्थ फील्डच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि त्याच्या संगतीत कठीण पोलादाला तडे जातात. म्हणून तिथे साधं कार्बन पोलाद २२ एचआरसीपेक्षा (रॉकवेल 'सी' मोजपट्टी) कठीण नको, अशी अट असते. पाइपांवरची वेल्डिंग तपासायला हातात मावणारं 'लीब' उपकरण वापरतात. घरी सुऱ्या बनवण्याचा नाद लागला की साहजिकच तेच आठवतं. ऑनलाइन स्वस्तात मिळतंही. माझं मत विचाराल तर सुरीसाठी ते घेऊ नका.

या उपकरणात जेमतेम साडेपाच ग्रॅमचा ठोकळा पोलादावर आदळतो. तो किती वेगाने उसळला त्यावरून कठीणता काढतात. त्यासाठी खालची वस्तू जागची हलता कामा नये. नेहमीच्या 'डी' प्रकाराला सुटी वस्तू निदान ५ किलोची लागते. आपलं पातं दोन-अडीचशे ग्रॅमचं! ते स्वतःच थरथरतं, ऊर्जा खातं, आणि आकडा भलताच येतो, बहुधा कमी. मग माणूस 'पाणी नीट बसलं नाही' म्हणून टेम्परिंग कमी ठेवतो आणि गोठलेल्या सुरमईवर पहिल्याच घावाला धारेचे टवके उडतात.

सुरीसाठी खरं यंत्र म्हणजे टेबलावरचं रॉकवेल. हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू आधी १० किलो भाराने टेकवतात, मग भार १५० किलोपर्यंत नेऊन परत १० वर आणतात. शंकू जितका खोल रुतून राहिला, त्यातल्या दर ०.००२ मिमीमागे शंभरातून एक गुण वजा. म्हणजे ६० एचआरसीला खोली फक्त ०.०८ मिमी, आणि ५८ व ६० मधला फरक ४ मायक्रॉनचा! पातं किंचित डुगडुगलं तरी तेवढी चूक सहज होते. म्हणून उतार घासण्याआधी, मुठीजवळच्या सपाट भागावर मोजावं. जाडी खोलीच्या दहापट हवी, त्यामुळे धारेवर हे मोजमाप होतच नाही. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून मऊ थर राहतो, तोही आधी घासून काढायला हवा.

यंत्र महाग आहे, जडही आहे. वर्षाला पाच-सहा सुऱ्या करणाऱ्याला कठीणता-कानशींचा संच पुरतो: ४० ते ६५ एचआरसी, पाच-पाचच्या अंतराने सहा कानशी. ५५ ची घसरली आणि ६० ची चावली, तर पातं त्या दोहोंच्या मध्ये. कानस फिरवून पाहणं ही लोहारकामातली जुनीच रीत, इथे फक्त तिला आकडे जोडलेत. शिवाय ती धारेजवळही चालते.

सुऱ्या विकायच्या असतील तर मात्र रॉकवेल घ्या आणि सोबत ६० एचआरसीच्या आसपासचा प्रमाणित ठोकळा. रोज आधी त्यावर मोजून बघायचं. आणि यंत्र गॅरेजमध्ये ठेवू नका. प्रमाणित चाचणीला १० ते ३५ अंश तापमान लागतं. दोह्यातल्या जुलैत ते एसीच्या खोलीतच मिळेल.