आतड्याचा आजार आणि सुजलेलं स्वादुपिंड

अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या, तिशीतल्या पेशंटच्या पोटात वरच्या बाजूला जोरात दुखायला लागलं आणि रक्तात लायपेज वाढलेलं निघालं, तर पहिला संशय गोळ्यांवर जातो. तो रास्तही आहे. अ‍ॅझाथायोप्रिनमुळे काही जणांना खरोखरच स्वादुपिंडाचा दाह होतो, बहुतेकदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच. पित्ताचे खडेही तपासायचेच. पण या यादीत एक दुर्मीळ नाव राहून जातं: ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस.

हे नाव १९९५ साली जपानी डॉक्टरांनी सुचवलं. २००१ मध्ये जपानमधूनच कळलं की अशा पेशंटच्या रक्तात आयजीजी-४ ही अँटिबॉडी वाढलेली असते. मग काय, सगळीकडे आयजीजी-४ मोजणं सुरू झालं. गोची अशी, की या एका नावाखाली दोन वेगळे आजार आहेत.

टाइप १ बहुधा साठीच्या आसपासच्या पुरुषांना होतो. त्यात आयजीजी-४ वाढतं आणि लाळग्रंथी, पित्तनलिका, मूत्रपिंडही सापडू शकतात. टाइप २ तरुणांचा, बायका-पुरुष दोघांचा. त्यात फक्त स्वादुपिंड सुजतं आणि आयजीजी-४ सहसा नॉर्मल येतं! आतड्याशी नातं मुख्यतः याच टाइप २ चं, त्यातही अल्सरेटिव्ह कोलायटिसशी. म्हणून २०११ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत आतड्याचा आजार असणं हा टाइप २ च्या बाजूचा पुरावा धरला आहे.

नातं का, हे मायक्रोस्कोपखाली थोडं दिसतं. टाइप २ मध्ये न्यूट्रोफिल पेशी स्वादुपिंडाच्या नलिकांच्या अस्तरात घुसतात. कोलायटिसमध्ये त्याच पेशी मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींमध्ये शिरतात. न्यूट्रोफिलना बोलावणारं इंटरल्यूकिन-८ दोन्ही ठिकाणी सापडलं आहे. मला हा धागा पटतो, पण मूळ कारण यातून सिद्ध होत नाही.

याची किंमत मोठी असते. सुजलेला भाग स्कॅनवर गाठीसारखा दिसला, तर कॅन्सर समजून स्वादुपिंडाचा तुकडा काढला जातो, जेव्हा स्टिरॉइडने सूज उतरली असती. उलटही धोका आहेच, त्यामुळे आधी बायोप्सीने कॅन्सर नाही ना हे बघायचं, मगच स्टिरॉइड. आणि टाइप २ च्या पेशंटला शौचातून रक्त जातं का, हे विचारायचंच. आतड्याचा त्रास कधी आधी, कधी सोबत, तर कधी नंतर सुरू होतो.