कॅसेटमध्ये फुंकर मारली की गेम खरंच सुरू व्हायचा का? जुनी व्हिडिओ गेम कॅसेट साफ कशी करायची?

गेम लागला नाही की कॅसेट काढायची, तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खाचेत दाबायची. १९८०-९० च्या दशकांत अमेरिकेतली मुलं हेच करत होती आणि टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलेली आपल्याकडची मुलंही हेच करत होती. इंटरनेट नव्हतं, कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना हा उपाय ठाऊक होता.

त्या कॅसेट आज तीस-पस्तीस वर्षांच्या झाल्या आहेत. माळ्यावरच्या खोक्यातून त्या बाहेर निघतात, लावून बघितल्या जातात, स्क्रीनवर काही येत नाही आणि 'मेली' म्हणून भंगारात जातात. खरं तर त्यातल्या बऱ्याच कॅसेट मेलेल्या नसतात, फक्त मळलेल्या असतात. उलट चांगली कॅसेट चुकीच्या साफसफाईनं कायमची खराब होऊ शकते. म्हणून आधी आत काय असतं ते समजून घेऊ.

कॅसेटच्या आत असतं काय?

आपण तिला 'कॅसेट' म्हणत आलो, पण गाण्याच्या कॅसेटसारखी फीत तिच्यात नसते. आत असतो एक छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर एक-दोन चिप. गेम या चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. वीज नसली तरी तो पुसला जात नाही आणि कॅसेट चुंबकाजवळ ठेवली तरी त्याला काही होत नाही. त्यामुळे चिप सहसा बिघडत नाही.

बिघाड होतो तो बोर्डाच्या खालच्या कडेला. तिथे धातूच्या पट्ट्यांची रांग दिसते, त्यांना पिना म्हणतात. कन्सोलच्या खाचेत स्प्रिंगसारखे पत्रे असतात आणि ते या पट्ट्यांवर दाबून बसतात. कन्सोल आणि गेम यांच्यातलं सगळं बोलणं या पिनांमधून चालतं.

निंटेंडोनं १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणला. त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या. १९८५ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच्याच भावंडाला, म्हणजे 'एनईएस'ला, ७२ पिना होत्या. भारतात घराघरांत पोचले ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला केलेले स्वस्त कन्सोल, म्हणून आपल्याकडच्या कॅसेट सहसा ६० पिनांच्या असतात.

यातल्या एका पिनेवर जरी मळ बसला, तरी गेम अडू शकतो.

मग फुंकर मारल्यावर गेम चालायचा कसा?

फुंकरीमुळे नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा लावल्यामुळे.

कॅसेट बाहेर काढताना आणि आत घालताना पिना कन्सोलच्या पत्र्यांवर घासल्या जातात. त्यामुळे मळाचा पातळ थर थोडा खरवडला जातो. शिवाय दुसऱ्या वेळी कॅसेट केसभर वेगळ्या जागी बसते. म्हणजे प्रत्येक वेळी संपर्क जुळण्याची एक नवी संधी मिळते. मधल्या फुंकरीला श्रेय मिळालं, कारण ती मारल्यावरच गेम लागताना दिसायचा.

फुंकरीतून हवेबरोबर ओलावा आणि थुंकीचे बारीक कण जातात. ओल्या पिनेतून क्षणभर वीज जरा बरी वाहतही असेल, पण त्याच ओलाव्यानं धातू गंजायला लागतो आणि धूळ चिकटून बसते. अमेरिकेत एका गेमप्रेमीनं 'जायरोमाइट' या गेमच्या दोन कॅसेट घेतल्या होत्या. एकीत महिनाभर रोज फुंकर मारली, दुसरी तशीच ठेवली. फुंकलेल्या कॅसेटच्या पिनांवर डाग आणि गंज स्पष्ट दिसू लागला. हा काही प्रयोगशाळेतला अभ्यास नव्हता, पण निंटेंडोही ग्राहकांना हेच सांगत आली आहे की कॅसेटमध्ये फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्यानं पिना गंजतात.

लाल दिवा लुकलुकायचा तो का?

अमेरिकेतल्या एनईएसची ही खास ओळख. कन्सोल चालू केला की लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकायचा आणि स्क्रीनही त्याच तालात चालू-बंद व्हायची.

यामागे दोन कारणं होती. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. दुकानदार 'व्हिडिओ गेम' या शब्दालाच घाबरत होते, म्हणून निंटेंडोनं आपलं यंत्र व्हीसीआरसारखं दिसेल असं बनवलं. कॅसेट समोरून आत सरकवायची आणि खाली दाबायची. दिसायला हे छान होतं, पण प्रत्येक दाबाबरोबर आतले पत्रे थोडे थोडे वाकत गेले आणि त्यांची पकड सैल झाली.

दुसरं कारण म्हणजे पहारेकरी चिप. एक चिप कन्सोलमध्ये आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये असायची. दोघींचं बोलणं जुळलं नाही, तर कन्सोलमधली चिप यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट करायची. ही सोय बनावट गेम रोखण्यासाठी होती, पण या चिपच्या पिनांवर मळ बसला की खरी कॅसेटही बाहेरच अडवली जायची. १९९३ मध्ये आलेल्या एनईएसच्या सुधारित रूपात कॅसेट वरून लावायची सोय झाली आणि ही चिपही काढून टाकली गेली.

फॅमिकॉममध्ये असा पहारेकरी नव्हता. आपल्याकडच्या नकलांमध्येही तो नसतो. तिथे कॅसेट नीट बसली नाही तर दिवा लुकलुकत नाही, नुसता एकरंगी किंवा काळा पडदा दिसतो.

दोष कॅसेटचा की कन्सोलचा?

साफसफाईआधी हे ठरवा. त्यासाठी दोन-तीन कॅसेट पुरतात.

* एकच कॅसेट चालत नाही, बाकी चालतात: दोष त्या कॅसेटमध्ये आहे.
* एकही चालत नाही: कन्सोलची खाच, अडॅप्टर किंवा टीव्हीची जोडणी तपासा. टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत असतील, तर आधी चॅनेल नीट लावा.
* कॅसेट थोडी हलवली की चित्र येतं-जातं: पिना मळल्या आहेत किंवा खाचेतले पत्रे सैल झाले आहेत.
* आवाज येतो, गेम चालतो, पण चित्रांच्या जागी उभ्या रेघा आणि भलतीच अक्षरं दिसतात: हाही बहुतेक वेळा पिनांचाच दोष.

शेवटचं लक्षण बघून पुष्कळ लोक कॅसेट टाकून देतात. एनईएस आणि फॅमिकॉममध्ये गेमचा प्रोग्राम आणि गेममधली चित्रं वेगवेगळ्या पिनांमधून जातात. चित्रांच्या वाटेवरची एखादी पिन मळली, तर खेळ व्यवस्थित चालतो, फक्त दिसतो विचित्र. प्रोग्रामच्या वाटेवर मळ असेल, तर मात्र गेम सुरूच होत नाही. म्हणजे विस्कटलेलं चित्र ही चांगली खूण आहे, निम्मं काम तर चालू आहे.

अडॅप्टरबाबत एक खबरदारी घ्या. बाहेरून सारखे दिसणारे अडॅप्टर आतून वेगळे असतात. अमेरिकेतल्या एनईएसचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तर जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो. अदलाबदल झाली तर फॅमिकॉम जळू शकतो. म्हणून अडॅप्टरवरची अक्षरं वाचल्याशिवाय तो लावू नका.

साफसफाई कशी करायची?

लागणारं सामान थोडंच आहे: कापसाचे इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध. मोबाइल दुरुस्तीवाले ते 'आयपीए' या नावानं वापरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मिळू शकतं.

१. कन्सोल बंद करा आणि प्लग काढा. चालू कन्सोलमध्ये कॅसेट कधीही घालू किंवा काढू नका.

२. इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून किंचित निथळू द्या. ओला हवा, ठिबकता नको.

३. पिनांवर वरून खाली असा, म्हणजे पट्टीच्या लांबीच्या दिशेनं फिरवा. आडवा घासला तर एका पिनेचा मळ दुसरीवर जातो आणि कापसाचे धागेही अडकतात.

४. बोर्डाच्या दोन्ही बाजू साफ करा. पहिला इअरबड काळाकुट्ट निघेल. दुसरा, तिसरा घ्या. इअरबड पांढरा निघेपर्यंत थांबू नका.

५. कोरडा इअरबड फिरवा, काही मिनिटं पूर्ण वाळू द्या आणि मगच कॅसेट लावून बघा.

बहुतेक कॅसेट इथेच जिवंत होतात.

निंटेंडोच्या जुन्या कॅसेटच्या मागे 'अल्कोहोल, थिनर, बेंझिन वापरू नका' अशी सूचना छापलेली असते. थिनर आणि बेंझिनबद्दल ती आजही पाळा, कारण त्यांनी प्लास्टिक विरघळतं. आयसोप्रोपिल मात्र इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीत सर्रास वापरलं जातं. ते पटकन उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. फक्त लेबलाला लागू देऊ नका, शाई पुसली जाईल. ते लवकर पेटतं, म्हणून गॅस-काडेपेटीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून काम करा.

तरीही चालत नसेल तर?

मग कॅसेट उघडावी लागते. निंटेंडोच्या बहुतेक कॅसेटना वेगळ्याच आकाराचे स्क्रू असतात. त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा खास बिट ऑनलाइन मिळतो. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेट खटक्यानं बसवलेल्या असतात. आपल्याकडच्या नकली कॅसेटना कधी खटके, कधी साधा स्क्रू असतो.

बोर्ड बाहेर काढल्यावर हट्टी डागांवर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवता येतं. त्यानंतर पुन्हा अल्कोहोलनं पुसा. पण शाई खोडायचं खरखरीत रबर, सँडपेपर, नेलफाइल किंवा पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश वापरू नका. पिनांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो खरवडला की पिना त्या दिवशी लखलखीत दिसतात, पण खालचा धातू उघडा पडतो आणि काही महिन्यांत आधीपेक्षा जास्त काळवंडतो. गेलेला मुलामा घरी परत चढवता येत नाही. स्वस्त नकली कॅसेटमध्ये मुळात सोनंच नसतं, म्हणून त्या लवकर काळ्या पडतात. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तर आणखी लवकर.

चिपच्या पायांशी सोल्डरला तडा गेला असेल, तर ते काम टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. नकली कॅसेटमध्ये पुष्कळदा चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा गोळा दिसतो. चिप त्याच्या आत बंद असते. तीच बिघडली असेल, तर मात्र इलाज नाही.

कन्सोलची खाचही साफ करायला विसरू नका. धुतलेले कपडे मळक्या पेटीत ठेवण्यासारखंच ते होईल. एखाद्या कमी महत्त्वाच्या कॅसेटच्या पिनांना किंचित अल्कोहोल लावा, बंद कन्सोलमध्ये ती आठ-दहा वेळा घाला-काढा आणि दर वेळी पिना पुसा. जाड पुठ्ठा किंवा पट्टी खाचेत कोंबू नका, पत्रे कायमचे फाकतील.

सेव्ह केलेला गेम वाचवता येतो का?

काही कॅसेटमध्ये खेळाची नोंद साठवायची सोय असते. 'द लेजंड ऑफ झेल्डा' १९८७ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्याच्या कॅसेटमध्ये एक बटण-सेल होता. नोंद ठेवणाऱ्या चिपला सतत थोडी वीज लागते आणि ती हा सेल पुरवतो. म्हणूनच कन्सोल बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरा, अशी सूचना त्या गेमसोबत दिलेली होती. तसं न केल्यास नोंद बिघडण्याचा धोका होता.

हे सेल कित्येक वर्षं टिकतात, पण कायमचे नाहीत. १९९९ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तर त्याच सेलवर घड्याळही चालतं, त्यामुळे तो लवकर संपतो. गेम नीट चालतो पण सेव्ह राहत नाही, अशी तक्रार असेल तर पिना घासत बसू नका, सेल संपला आहे.

सेल बदलता येतो, पण जुना काढला की नोंद पुसली जाते. बहीण-भावानं लहानपणी लिहिलेलं नाव, अर्ध्यावर राहिलेला खेळ, सगळं जातं आणि परत येत नाही. कॅसेटमधली नोंद संगणकावर उतरवून घेणारी छोटी उपकरणं मिळतात. आधी ते काम करा, मग सेल बदला. नवा सेल पत्र्याच्या पट्ट्या जोडलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर केलं तर उष्णतेनं तो फुटू शकतो.

शेवटी साठवण. साफ केलेली कॅसेट झाकणात किंवा छोट्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरड्या जागी ठेवा. माळ्यापेक्षा कपाट बरं. आणि पुढच्या वेळी गेम लागला नाही, तर कॅसेट काढा, पुन्हा लावा. मधली फुंकर तेवढी गाळा.