दवंडी आली, कोतवाल कुठे?

मोबाईलवरचा शेतीसल्ला पारखून घ्या

गावात पूर्वी दवंडी फिरायची. कोतवाल डफडं वाजवत चौकात उभा राहायचा आणि मोठ्या आवाजात सांगायचा: हुकूम कोणाचा, काम कोणतं, दिवस कोणता. ऐकणाऱ्याला शंका आली तर तो कोतवालाला तिथेच अडवायचा, "काहून गा, हे आमच्या पोडालेही लागू हाय का?" कोतवालाला उत्तर ठाऊक नसले तर तो पाटलाकडे नाहीतर तलाठ्याकडे बोट दाखवायचा. निरोप चुकला तर कोणाला धरायचे, हे गावाला माहीत असायचे.

आज दवंडी आपल्या खिशातच वाजते. कपाशीवर कोणते औषध मारावे, पाऊस कधी येईल, सोयाबीनचा भाव कुठे चढला, कोणत्या योजनेचे पैसे सुटले, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर येते, यूट्यूबवर दिसते. फक्त कोतवाल दिसत नाही. निरोप पहिल्यांदा कोणी धाडला, कधी धाडला, कोणत्या भागासाठी धाडला, याचा पत्ता लागत नाही. वाचकहो, आज याच गोष्टीवर थोडे बोलू.

आम्हा कृषी विस्ताराच्या माणसांचे काम सांगण्याचे. कंपन्यांमध्ये अशाच कामाला जनसंपर्क म्हणतात, प्रचार म्हणतात. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा, हा दोन्हींचा पाया. पण प्रचाराचा हिशेब माल विकला की संपतो. शेतीच्या सल्ल्याचा हिशेब पीक घरात आल्यावर होतो, आणि तो शेतकऱ्याच्या खिशातून होतो.

रेडिओभोवती बसणारी गावे

सांगणारा आणि ऐकणारा यांची गाठ कशी घालावी, याचा एक चांगला प्रयोग मराठी मुलखात होऊन गेला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालवली. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांची सुमारे दीडशे गावे त्यात होती. गावातली काही मंडळी ठरल्या वेळी रेडिओभोवती बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसात बोलत. हे आपल्या जमिनीत जमेल का, बी कुठे मिळेल, खर्च किती येईल, अशी चर्चा होई. जी शंका उरे ती केंद्राकडे लिहून जाई आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरे दिली जात. पुढे ही पद्धत देशभर नेण्यात आली.

त्या प्रयोगाचे मर्म रेडिओच्या पेटीत नव्हते. ऐकल्यावर गावाने एकत्र बसून बोलणे आणि सांगणाऱ्याला उलट विचारणे, यात होते. आजच्या मोबाईलमध्ये उलट विचारण्याची सोय रेडिओपेक्षा किती तरी मोठी आहे. दोन मिनिटांत फोटो पाठवता येतो, आवाज पाठवता येतो. पण अनेक गटांत फक्त चालकालाच लिहिता येते, बाकीच्यांनी नुसते वाचायचे. आणि जिथे सगळ्यांना लिहिता येते, तिथे शुभ सकाळ, वाढदिवस आणि पक्षांच्या भांडणात शेतकऱ्याचा प्रश्न वर सरकून नाहीसा होतो.

फोन टाकून देऊ नका

याचा अर्थ मोबाईल वाईट, असा कोणी काढू नये. २०२१ पासून सातबाऱ्यावरची पीकनोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. हवामान खात्याचे 'मेघदूत' अ‍ॅप २०१९ पासून आहे. बाजारभाव पाहायला कळंबच्या किंवा राळेगावच्या शेतकऱ्याला आता अडत्याच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही. फोन हे आता शेतीचेच एक औजार झाले आहे. मात्र विळा घेताना आपण धार बघतो, बैल घेताना दात बघतो. फोनवरचा निरोप घेताना काय बघायचे, हे कोणी शिकवलेले नाही.

'पंपाला तीस मिली', पण पंप कोणता?

सर्वांत जास्त धोका औषधाच्या मात्रेत आहे. "एका पंपाला ३० मिली टाका, अळी साफ" असा निरोप येतो. पंप कोणता? दहा लिटरचा, पंधराचा की वीसचा? पाठीवरचा हातपंप, बॅटरीचा की पेट्रोलचा? पेट्रोलच्या पंपाने एकराला पाणी कमी लागते, म्हणून त्याच्या टाकीत औषधाची मात्रा साधारण तिप्पट धरतात. तोच आकडा कोणी हातपंपात वापरला तर शेतावर तिप्पट विष पडते, आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही. शिवाय औषधांची ताकद वेगवेगळी असते. एकाच नावाचे औषध दोन वेगळ्या टक्केवारीत मिळते. निरोपात टक्केवारी नसेल तर त्या ३० मिलीला काही अर्थ उरत नाही.

विषाची गोष्ट यवतमाळ जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोहोचले. त्याला मोबाईल कारण होता असे नाही. दोन-चार औषधांचे एकत्र मिश्रण, माणसाच्या उंचीची दाटलेली कपाशी, दमट हवा, जोराचे पंप, तोंडाला-अंगाला काहीच संरक्षण नाही, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. पण एक धडा त्यातून घ्यायलाच हवा. औषधाबाबत अर्धवट सांगणे आणि अर्धवट ऐकणे जिवावर बेतते. "हे आणि ते मिसळून मारा, लई भारी रिझल्ट" हा निरोप पुढे ढकलताना अंगठा एक क्षण थांबला पाहिजे.

औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. डब्यासोबत घडीपत्रिका येते. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती पाण्यात, हे त्यात छापलेले असते. मोबाईलवरचा आकडा आणि या पत्रिकेतला आकडा जुळत नसेल, तर छापील आकडा खरा धरावा.

आणि फवारायचे की नाही, हे तर फोनला कळूच शकत नाही. गुलाबी बोंडअळीचे घ्या. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस सापडले, किंवा हिरवी २० बोंडे फोडून दोनात अळी निघाली, तर फवारणीचा विचार करायचा. ही २० बोंडे तुमच्याच वावरातली पाहिजेत. व्हिडिओतल्या शेताची चालत नाहीत.

तारीख नसलेला पाऊस

मृग लागला की पावसाचे निरोप सुरू होतात. "उद्यापासून मुसळधार, पेरणी उरकून घ्या." हा 'उद्या' कोणत्या तारखेचा? निरोप फिरत फिरत चार दिवसांनी तुमच्याकडे येतो, कधी गेल्या सालचाच पुन्हा वर निघतो. वाचणारा तो आजचा समजतो आणि बी मातीत टाकतो. पुढे पावसाने दडी मारली की दुबार पेरणी. बियाण्याची पिशवी दुसऱ्यांदा आणायला पैसे कुठून आणायचे, हे निरोप पाठवणारा सांगत नाही.

आपला जिल्हाही एकसारखा नाही. वणीचा पाऊस उमरखेडला लागू पडत नाही, पैनगंगेकाठची काळी जमीन आणि डोंगराकडची बरड एका मापाने मोजता येत नाही. पेरणीचा जुना आणि पक्का नियम असा की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरली, की मगच तिफण काढावी. अंदाज हवाच असेल तर हवामान खात्याचा तारीख असलेला अंदाज पाहावा.

पैसे कोणी दिले?

पूर्वी कंपनीची जीप गावात यायची. भिंती रंगवायची, टोप्या वाटायची, रात्री पडद्यावर सिनेमा दाखवायची. लहान पोरालाही कळायचे की ही जाहिरात आहे. आता आपल्यासारखाच एक शेतकरी स्वतःच्या वावरात उभा राहून सांगतो, "भाऊ, म्या हेच वापरलं, बोंडं पाहा." तो खरेच वापरून सांगतो आहे की पैसे घेऊन, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

यासाठी आता नियम झाले आहेत. जाहिरात क्षेत्राच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या संस्थेने २०२१ मध्ये, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कोणी माल वाखाणत असेल, तर त्याने ते लोकांना स्पष्ट दिसेल असे सांगितले पाहिजे. व्हिडिओ पाहताना तेवढे शोधा. नाही सापडले तर त्याच व्हिडिओखाली सरळ विचारा, "भाऊ, कंपनीनं किती देल्ले?"

बियाण्यात तर जास्तच जपा. तणनाशक मारले तरी टिकते म्हणून कपाशीचे जे बियाणे गुपचूप विकले जाते, त्याला केंद्राची मंजुरी नाही. ते फोनवर बोलून मिळते, पक्के बिल मिळत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यात हजारो तक्रारी झाल्या. अशा तक्रारीत बिल, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि थोडे राखून ठेवलेले बियाणे हाच पुरावा असतो. फोनवरच्या गोड बोलण्याची पावती कुठेच चालत नाही.

राईनपाड्याची आठवण

बिनधनी निरोप फक्त पीकच खातो असे नाही, तो माणसेही खातो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून पसरली होती. त्या अफवेचा पहिला धनी कोण, हे मारणाऱ्या एकानेही विचारले नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा घातली. असा निरोप ओळखू यावा म्हणून त्यावर खूणही येऊ लागली. २०२० पासून फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर दोन बाणांची खूण दिसते. ती दिसली की समजावे, हा निरोप बऱ्याच हातांतून फिरून आला आहे आणि मूळ धनी कुठेतरी मागे राहिला आहे.

चार प्रश्न

कोणताही सल्ला आला की चार प्रश्न विचारा. एक, सांगणारा कोण? नाव, हुद्दा, गाव आहे का? दोन, कधीचा? तारीख आहे का? तीन, कुठल्या भागासाठी, कोणत्या जमिनीसाठी, पिकाच्या कोणत्या अवस्थेसाठी? चार, शंका आली तर उलट कोणाला विचारायचे? चारांपैकी दोनांचीही उत्तरे नसतील तर तो निरोप तिथेच थांबवा. खात्री करायची असेल तर तुमच्या गावचा सहायक कृषी अधिकारी आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या फुकट क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पण हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. आम्ही सांगणाऱ्यांनीही निरोपाखाली आपले नाव, तारीख आणि तालुका लिहिला पाहिजे. आठवड्यातून एकदा तरी गट सर्वांना लिहिण्यासाठी खुला ठेवून प्रश्नांना उत्तरे दिली पाहिजेत. शेतावरच्या सभेचा फोटो वर पाठवून काम संपत नाही. सभेला जो आला नाही त्याच्यापर्यंत काय पोहोचले, तेही बघावे लागते.

कारण फोन असतो मालकाकडे, नाहीतर त्याच्या पोराकडे. पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरतो तो मजूर कोणत्याच गटात नसतो. निंदणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया तर नसतातच. सल्ला एकाला पोहोचतो आणि औषध दुसऱ्याच्या नाकातोंडात जाते. म्हणून यंदा फवारणीच्या दिवशी एवढे करा. डब्यातली घडीपत्रिका फेकू नका. बांधावर बसून ती फवारणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, त्याला काय विचारायचे ते विचारू द्या, आणि मगच त्याच्या हातात पंप द्या.